लांबीची जुनी मापे आणि मीटर : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे हात, गज, कोस, योजन, फूट आणि साखळी या जुन्या मापांचे मीटरमध्ये रूपांतर कसे करावे, याविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : आमच्या घराण्यातील एका जुन्या कागदात वास्तूची लांबी २४ हात आणि रुंदी १४ हात अशी नोंद आहे. एका कोष्टकात १ हात म्हणजे ४५.७२ सेंटिमीटर असे दिलेले आढळले. त्यानुसार लांबी १०.९७२८ मीटर आणि रुंदी ६.४००८ मीटर असे लिहिले, तर ते बरोबर ठरेल काय?

उत्तर : आपला गुणाकार अचूक आहे, परंतु त्या उत्तरावर विसंबण्यापूर्वी ४५.७२ हा आकडा कोठून आला, हे पाहणे आवश्यक आहे. १८ इंचांचे सेंटिमीटर केले की ४५.७२ मिळतात, म्हणजेच हा आकडा हात १८ इंचांचा मानणाऱ्या कोष्टकांतून आलेला आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यासाठी जी कोष्टके रूढ झाली, त्यांत १६ तसूंचा १ हात आणि २४ तसूंचा १ गज धरला जाई, हात १८ इंचांचा आणि गज २७ इंचांचा मानला जाई, आणि त्या हिशेबाने तसू सव्वा इंचाहून थोडा कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच येई. आपला कागद त्या काळातील आणि त्या व्यवहारातील असेल, तर १८ इंच धरण्यास आधार आहे. तो त्याआधीचा असेल, तर हा आधार राहत नाही.

याचे कारण असे की हात हे मूळचे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे शरीरावरून घेतलेले माप आहे, आणि शास्त्रग्रंथांनी त्याला अंगुळांत बांधून घेतल्यावरही एकच हात सर्वत्र चालत असे, असे झाले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवमध्यांचे (यवमध्य म्हणजे जवाच्या दाण्याची मधली जाडी) एक अंगुळ, १२ अंगुळांची वितस्ती म्हणजे वीत, आणि २४ अंगुळांचा हस्त असे मूळ मान दिले आहे, परंतु त्याच प्रकरणात कुरणांच्या मोजणीसाठी २८ अंगुळांचा आणि लाकूडफाट्याच्या वनांसाठी तब्बल ५४ अंगुळांचा हस्त सांगितला आहे. म्हणजे एकाच ग्रंथात, एकाच नावाखाली, कामाप्रमाणे दुपटीहून अधिक फरक असलेली मापे नांदत होती आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती, कारण कोणत्या कामाला कोणता हस्त लावायचा, हे मोजणाऱ्याला ठाऊक असे. आपल्या हाती कागद आला आहे, परंतु ते ज्ञान त्याबरोबर आलेले नाही.

आता या अनिश्चिततेचा हिशेबावर होणारा परिणाम पाहू. हात ४५.७२ सेंटिमीटरऐवजी ४८ सेंटिमीटरचा होता असे क्षणभर धरले, तर लांबी ११.५२ मीटर आणि रुंदी ६.७२ मीटर होते. लांबीत सुमारे ५ टक्के फरक पडतो, आणि तो डोळ्याला फारसा खुपत नाही. क्षेत्रफळ मात्र पहिल्या हिशेबाने सुमारे ७० चौरस मीटर येते आणि दुसऱ्या हिशेबाने सुमारे ७७ चौरस मीटर, म्हणजे तेथे फरक १० टक्क्यांवर गेला, कारण लांबीतील चूक रुंदीतही शिरली आणि दोन्हींचा गुणाकार झाला. ज्यांना जुन्या हातांवरून जागेचे क्षेत्र काढायचे आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

म्हणून आपण "सुमारे ११ मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद" असे लिहावे, आणि शेजारी "२४ हात × १४ हात, हात १८ इंचांचा धरला आहे" ही मूळ नोंद व गृहीतक अवश्य द्यावे. वास्तूचा पाया, जोते किंवा एखादी मूळ भिंत अजून उभी असेल, तर सर्वांत चांगला मार्ग वेगळाच आहे : ती भिंत टेपने मोजा आणि आलेल्या मीटरना कागदावरील हातांच्या संख्येने भागा. मात्र लिहिणाऱ्याने भिंतीच्या आतून माप घेतले की बाहेरून, हे आधी ताडून पाहावे लागेल, अन्यथा भिंतीची जाडी हाताच्या लांबीत मिसळून जाईल.

प्रश्न : काही पुस्तकांत इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर दिले आहे, तर काहींत मीटर म्हणजे ३९.३७ इंच दिले आहे. दुसऱ्या आकड्यावरून भागाकार केला तर इंच २.५४०००५ सेंटिमीटर येतो. यांपैकी खरे कोणते?

उत्तर : दोन्ही आपापल्या काळी खरे होते. १८९३ साली अमेरिकेने यार्डाची व्याख्या मीटरवरून ठरवली आणि १ यार्ड म्हणजे ३६०० भागिले ३९३७ मीटर असे मानले, आपला ३९.३७ हा आकडा तेथूनच आला आहे. ब्रिटनचा यार्ड मात्र धातूच्या प्रमाण दांड्यावर अवलंबून होता आणि तो अमेरिकी यार्डापेक्षा किंचित आखूड भरे. अखेर १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांत एकमत होऊन १ यार्ड म्हणजे नेमका ०.९१४४ मीटर असे ठरले. त्यातून फूट नेमका ०.३०४८ मीटर, इंच नेमका २.५४ सेंटिमीटर आणि मैल नेमका १६०९.३४४ मीटर ठरतो. येथे "नेमका" हा शब्द अक्षरशः घ्यावा : हे आकडे मोजून आलेले नाहीत, ते व्याख्येने ठरवलेले आहेत, आणि त्यांच्यापुढे कितीही शून्ये लिहिली तरी ते बदलत नाहीत.

रोजच्या कामात या दोन इंचांतील फरक कधीच जाणवणार नाही, परंतु भूमापनात तो जाणवतो. अमेरिकेत जुना फूट "सर्वेक्षण फूट" या नावाने १९५९ नंतरही चालू राहिला. तो नव्या फुटापेक्षा दशलक्षात दोन भाग इतकाच मोठा आहे, तरी ज्या नकाशांत एखाद्या बिंदूचे अंतर वीस लाख फूट असे लिहिले जाते, तेथे कोणता फूट धरला यावर तो बिंदू चार फूट इकडे किंवा तिकडे सरकतो. २०२२ च्या अखेरीस तो अधिकृत वापरातून काढण्यात आला. भारतीय सर्वेक्षणाचा फूटही स्वतंत्र असून तो ०.३०४७९९६ मीटर धरला जातो. आंतरराष्ट्रीय फुटाशी त्याचा फरक दर किलोमीटरला सुमारे १.३ मिलिमीटर पडतो. जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांनीच याची दखल घ्यावी, इतरांनी ०.३०४८ निःशंकपणे वापरावा.

प्रश्न : गज आणि वार एकच का?

उत्तर : सर्वत्र नाही. वार म्हणजे ३६ इंच, म्हणजे ०.९१४४ मीटर. गजाचे मान प्रांताप्रमाणे बदलत असे आणि जुन्या कोष्टकांत तो मुंबईकडे २७ इंच, मद्रासकडे ३३ इंच आणि बंगालमध्ये ३६ इंच असा आढळतो. म्हणजे बंगालच्या कागदातील गज वाराएवढा निघेल, मुंबईकडच्या कागदातील गज मात्र वाराचा पाऊण हिस्सा भरेल. अकबराने चालू केलेला इलाही गज ४१ अंगुळांचा होता आणि उत्तरेतील जमीनमोजणीसाठी इंग्रजांनी पुढे तो ३३ इंच ठरवला. तेव्हा "गज" दिसताच ०.९१४४ ने गुणू नये. कागद कोणत्या प्रांताचा, कोणत्या काळाचा आणि कोणत्या व्यवहाराचा आहे, हे आधी पाहावे.

प्रश्न : एका जुन्या संस्कृत ग्रंथाचे मराठी भाषांतर मी करत आहे. त्यात योजनांत दिलेली अनेक अंतरे आहेत. वाचकांच्या सोयीसाठी ती किलोमीटरमध्ये द्यावीत असे प्रकाशकांचे म्हणणे आहे. योजनाचे किती किलोमीटर धरावेत?

उत्तर : भाषांतराच्या मुख्य मजकुरात योजन तसेच ठेवावे आणि किलोमीटर द्यायचेच असतील तर ते तळटिपेत, कोणत्या हिशेबाने काढले हे सांगून द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे जरा विस्ताराने सांगणे भाग आहे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत लांबीचे कोष्टक असे आहे : आठ यवोदरांचे (म्हणजे जवाच्या दाण्याच्या मधल्या जाडीचे) एक अंगुळ, २४ अंगुळांचा हस्त, चार हस्तांचा दंड, २००० दंडांचा क्रोश म्हणजे कोस आणि चार क्रोशांचे योजन. म्हणजे योजनात ३२,००० हस्त आले. हस्त १८ इंचांचा धरला, तर क्रोश ३.६६ किलोमीटर आणि योजन १४.६३ किलोमीटर होते. आर्यभटानेही योजन ८००० नृ, म्हणजे ८००० पुरुषउंच्यांचे सांगितले आहे, आणि त्याचा पुरुष चार हस्तांचा असल्यामुळे तेथेही योजनात ३२,००० हस्तच येतात. इथपर्यंत सारे जुळते आणि प्रश्न सुटला असे वाटू लागते.

परंतु याच दोन आचार्यांनी पृथ्वीचा व्यास योजनांत दिला आहे, आणि तेथे गाठ पडते. आर्यभटाच्या मते तो १०५० योजने आहे, तर भास्कराचार्यांच्या मते १५८१ योजने आणि वर थोडा अपूर्णांक. पृथ्वी एकच, कोष्टक वरवर एकच, आणि आकड्यांत मात्र दीडपटीचे अंतर! पृथ्वीचा आज ज्ञात असलेला सरासरी व्यास १२,७४२ किलोमीटर घेऊन भागाकार केला, तर आर्यभटाचे योजन सुमारे १२.१ किलोमीटरचे आणि भास्कराचार्यांचे सुमारे ८.०६ किलोमीटरचे निघते. कोष्टकावरून आलेले १४.६३ किलोमीटर या दोहोंपासून दूर राहतात. म्हणजे एकाच मापाला तीन उत्तरे मिळाली, आणि तिन्ही उत्तरांमागचे अंकगणित निर्दोष आहे.

येथे एक मोह टाळावा लागतो. पृथ्वीच्या आजच्या व्यासाला जुन्या योजनांनी भागून "खरे योजन" शोधल्याचे अनेक लेखांत वाचायला मिळते, आणि मग त्याच योजनाच्या आधारे प्राचीन आचार्यांनी पृथ्वीचा व्यास किती बिनचूक काढला होता, हे सिद्ध केले जाते. हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो, कारण जे सिद्ध करायचे ते आधीच गृहीत धरलेले असते. आर्यभट आणि भास्कराचार्य यांची थोरवी त्यांच्या पद्धतींत आहे, आणि तिला अशा आधाराची गरज नाही. योजनाची लांबी ठरवायची असेल, तर पृथ्वीच्या व्यासाशी संबंध नसलेला पुरावा हवा, उदाहरणार्थ ज्यांचे स्थान आज निश्चित आहे अशा दोन नगरांमधील अंतराची त्याच ग्रंथातील नोंद. आपल्या ग्रंथात अशी दोनतीन अंतरे सापडली, तर त्यांवरून त्या ग्रंथापुरते योजन काढता येईल, मात्र ते रस्त्याचे अंतर आहे, सरळ रेषेचे नाही, याचे भान ठेवून.

एवढे करूनही प्रकाशक आग्रही राहिले, तर तळटिपेत "कोष्टकाप्रमाणे सुमारे १४ ते १५ किलोमीटर, ग्रंथपरत्वे मान बदलते" असे लिहावे. "१४.६३ किलोमीटर" असे लिहिल्यास मूळ ग्रंथकाराने न सांगितलेली अचूकता त्याच्या तोंडी घातल्यासारखे होईल.

प्रश्न : जमिनीच्या जुन्या टिपणात साखळी आणि आणे अशी मापे आहेत. त्यांचे मीटर कसे करावेत? आणि गुंठा म्हणजेच आर, हे खरे काय?

उत्तर : मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे १६ आणे पाडलेले असत. त्यामुळे साखळी म्हणजे १०.०५८४ मीटर आणि आणा म्हणजे सुमारे ६२.९ सेंटिमीटर. टिपणात ५ साखळ्या ८ आणे असे असेल, तर साडेपाच साखळ्या, म्हणजे ५५.३२ मीटर समजावे. सावधगिरी एवढीच की १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने प्रचारात आणलेली साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत "साखळी" म्हटले की तीच अभिप्रेत असते. ३३ च्या जागी ६६ धरले, तर लांबी दुप्पट आणि क्षेत्र चौपट होईल. टिपणात आणे दिसले, तर साखळी ३३ फुटांची. कड्या आणि शतांश दिसले, तर बहुधा ६६ फुटांची, असे ओळखावे.

एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशा चौरसाला गुंठा म्हणतात. तो १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटरचा असतो, आणि अशा ४० गुंठ्यांचा एकर होतो. आर मात्र नेमका १०० चौरस मीटरचा आहे. दोन्ही जवळजवळ सारखे असल्यामुळे बोलण्यात एकासाठी दुसरा वापरला जातो, पण एका एकरात या गैरसमजाने जवळपास ४७ चौरस मीटरचा फरक पडतो. हेक्टरमध्ये १०० आर असतात, आणि गुंठे मात्र ९८.८४.

याहून जुन्या, मराठेशाहीतील कागदांत काठी आणि बिघा येतात. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी, २० काठ्या औरस-चौरस म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर, अशी ती रीत होती. हात १८ इंच आणि मूठ ३ इंच धरली, तर काठी २.६७ मीटर आणि बिघा सुमारे २८ गुंठे येतो, परंतु हात आणि मूठ या दोन्हींची लांबी येथे गृहीत आहे, त्यामुळे हा आकडा अंदाजापुरताच वापरावा. मालकी हक्काच्या वादात अशा अंदाजावर कोणीही अवलंबून राहू नये. तेथे अधिकृत मोजणीला पर्याय नाही.

प्रश्न : सर्वच जुनी मापे अशी अनिश्चित असतात काय? इतर देशांत कशी परिस्थिती आहे?

उत्तर : नाही. काही देशांनी मीटर स्वीकारताना जुनी मापे टाकून न देता ती मीटरलाच बांधून घेतली, आणि तेथे रूपांतर पूर्णतः अचूक होते. जपानने १८९१ च्या कायद्याने शाकू म्हणजे १० भागिले ३३ मीटर, सुमारे ३०.३ सेंटिमीटर, असे ठरवले. तेथेही कापडासाठी सव्वापट लांबीचा निराळा शाकू होता, हे विसरू नये. चीनमध्ये ची हे माप मीटरचा एक तृतीयांश आणि ली म्हणजे ५०० मीटर मानले जाते, पण प्राचीन चिनी ग्रंथांतील ली याहून वेगळा होता. थायलंडचे "वा" हे माप नेमके दोन मीटरचे आहे.

सर्वांत उद्बोधक उदाहरण खुद्द फ्रान्सचे आहे. मीटर ठरवण्यासाठी डंकर्क ते बार्सिलोना या रेखावृत्ताची मोजणी झाली ती त्वाज या जुन्या मापाने, आणि १७९९ साली मीटरची लांबी त्वाजच्या ८६४ भागांपैकी ४४३.२९६ भाग अशी कायद्याने ठरली. त्यावरून जुना त्वाज १.९४९ मीटर आणि त्याचा सहावा भाग असलेला फ्रेंच फूट ३२.४८ सेंटिमीटर येतो. पुढे १८१२ साली, लोकांना नवी मापे अंगवळणी पडत नाहीत असे पाहून, नेपोलियनच्या राजवटीत त्वाज नेमका दोन मीटरचा आणि फूट मीटरचा एक तृतीयांश करण्यात आला, आणि १८४० पर्यंत ही मापे चालू राहिली. म्हणजे फ्रेंच कागदावर "फूट" दिसला, तर आधी वर्ष पाहिले पाहिजे, कारण १८०० चा फूट आणि १८२० चा फूट यांत जवळपास नऊ मिलिमीटरचा फरक आहे.

प्रश्न : दशांशचिन्हापुढे किती अंक ठेवावेत, याचा काही नियम आहे काय? विद्यार्थ्यांना कसे समजवावे?

उत्तर : मूळ मापात जेवढी बारकाई असेल, तेवढीच उत्तरात ठेवावी. "सुमारे १०० यार्डांवर" याचे "सुमारे ९० मीटरवर" होते, "९१.४४ मीटरवर" असे लिहिले, तर "सुमारे" या शब्दाला अर्थच उरत नाही. मात्र मूळ आकडा ६ फूट ३ इंच असा इंचापर्यंत मोजलेला असेल, तर उत्तर १.९१ मीटर असे सेंटिमीटरपर्यंत द्यावे. हिशेबाच्या मधल्या पायऱ्यांत सर्व अंक ठेवावेत आणि छाटणी शेवटी एकदाच करावी. तोंडी हिशेबासाठी ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर हे प्रमाण उत्तम आहे. त्यात चूक शेकड्याला एकाहूनही कमी राहते.

प्रश्न : जुनी मोजपट्टीच शिल्लक नसेल, तर त्या काळचे माप संशोधक शोधतात तरी कसे?

उत्तर : मोजपट्ट्या क्वचित सापडतात. लोथल येथे हस्तिदंती पट्टीचा तुकडा मिळाला असून तिच्यावर सुमारे ४६ मिलिमीटरांत २७ रेघा आहेत, म्हणजे दोन रेघांतील अंतर साधारण १.७ मिलिमीटर, मोहेंजोदडोच्या शंखाच्या पट्टीवर हे अंतर सुमारे ६.७ मिलिमीटर आहे. जेथे पट्टी नाही, तेथे बांधकामाकडे वळावे लागते. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची बाजू सुमारे २३०.३ मीटर आहे आणि ती ४४० इजिप्शियन हातांची होती असे मानले, तर हात ५२.३ सेंटिमीटरचा येतो. त्याच हाताने पिरॅमिडची १४६.६ मीटर ही मूळ उंची भागली, तर २८० ही पूर्ण संख्या मिळते. एका लांबीला कोणत्याही सोयीच्या संख्येने भागता येते, त्यामुळे एका मोजमापावरून काहीच ठरत नाही. तेच माप दुसऱ्या, तिसऱ्या लांबीतही पूर्ण संख्या देऊ लागले की पुरावा भक्कम होतो. पहिल्या प्रश्नातील वाचकांनीही एकाच भिंतीवर न थांबता लांबी आणि रुंदी अशा दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्यात, आणि दोन्हींवरून येणारा हात सारखाच निघतो का, ते पाहावे. तो एक-दोन टक्क्यांपलीकडे वेगळा निघाला, तर एखादी भिंत नंतर बांधलेली आहे किंवा मापे वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली आहेत, असे समजून पुन्हा तपासणी करावी.